जीर्णोद्धार कसब्याचा

भाद्रपद उजाडला की वाईहून पुण्यास यावयाचे, कसबा गणपतीपुढे मस्तक ठेवावयाचे आणि मग पेठेतील ठरल्या ठिकाणी कीर्तनास उभे राहावयाचे, हा आमचा क्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याआधी वडिलांच्या मागे झांज घेऊन उभे राहत असू, ती वर्षे वेगळी. आम्ही पुणेकर नव्हे, कृष्णाकाठचे. परंतु वर्षातून दहा दिवस जो एका पेठेत मुक्कामास असतो, त्याला त्या पेठेतील बदल तेथील रहिवाशापेक्षा लवकर दिसतो. घरच्यांना मूल वाढताना दिसत नाही. वर्षाने येणाऱ्या मामाला दिसते.

अलीकडे कसब्याविषयी पुष्कळ उत्साहाने बोलले जाते. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस शहराच्या पोटातून मेट्रो धावू लागली आणि तिच्या एका स्थानकास कसबा पेठेचे नाव मिळाले. रविवारी सकाळी तरुण मंडळी गटागटाने येतात, शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी असे पायी हिंडतात, छायाचित्रे काढतात, जुन्या दारांवरील गणेशपट्ट्या न्याहाळतात. या हिंडण्याला ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. कसब्याचे पुनरुज्जीवन होत आहे, असे त्यांच्यापैकी एकाने आम्हांस मोठ्या आदराने सांगितले. हे सर्व पाहून आम्हांस आनंद होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर म्हाताऱ्या कीर्तनकाराची नेहमीची रड म्हणून वाचक पान उलटतील.

परंतु पुनरुज्जीवन हा शब्द कानी पडताच आमच्यातील जुना शास्त्राचा विद्यार्थी जागा होतो. पुन्हा जिवंत करावयाचे ते कोणाला? दगडाला, लाकडाला की आणखी कशाला? याविषयी आपल्या परंपरेने फार नेमका विचार करून ठेविला आहे, आणि तो जीर्णोद्धाराच्या विधीत आहे.

मंदिर जुने झाले, शिखरास भेगा गेल्या, गाभाऱ्यात पाणी गळू लागले की ते उतरवून नवे करावे लागते. त्यास शास्त्राची आडकाठी नाही. मात्र पहिला दगड हलविण्यापूर्वी मूर्तीतील देवतातत्त्वाचे कलशात आवाहन करावे लागते. तो कलश लहानशा तात्पुरत्या देवालयात ठेवावयाचा. त्यास बालालय म्हणतात. मुख्य मंदिराचे काम सहा महिने चालो की सहा वर्षे, बालालयात पूजा, आरती, नैवेद्य नित्य चालू राहिला पाहिजे. मंदिर सिद्ध झाले की तत्त्व पुन्हा मूळ स्थानी आणावयाचे. दगड बदलला तरी चालतो. उपासना खंडता कामा नये आणि नेलेले तत्त्व परत आले पाहिजे, या दोन अटींवर सारा जीर्णोद्धार उभा आहे. त्या मोडल्या तर उरते ते नवे बांधकाम. त्यास उद्धार हा शब्द लावता येत नाही.

पेठेचेही असेच आहे, असे आमचे मत. वास्तू हा शब्दच मुळी ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून निघाला. ज्यात वास नाही ती वास्तू नव्हे. पेठेचे देवतातत्त्व म्हणजे तीत राहणारी माणसे, त्यांचे धंदे, त्यांच्या घरांतले देव. पेठेची पुनर्रचना करताना ही माणसे कोणत्या कलशात ठेविली, आणि काम झाल्यावर ती परत आणली काय, एवढाच प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे.

कसबा हा शब्द अरबी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या तोंडी तो इतका सोवळा झाला आहे! पुण्याचे नाव मात्र त्याहून फार जुने. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इसवी सन ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत ते ‘पुण्य’ व ‘पूनक’ या रूपांत येते. या पुण्याची जुनी वस्ती म्हणजेच कसबा. बाकीच्या पेठा, वारांची नावे लावून मिरविणाऱ्या, तिच्या धाकट्या बहिणी होत.

या थोरल्या बहिणीचा एक जीर्णोद्धार इतिहासप्रसिद्ध आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून बेचिराख केले. गाढवांचा नांगर फिरविला आणि येथे कोणी वसू नये म्हणून पहार ठोकली, अशी कथा आहे. पुढे शहाजीराजांच्या या जहागिरीत जिजाऊसाहेब बाल शिवाजीराजांना घेऊन आल्या. ठकारांच्या घराजवळ गणपतीची मूर्ती मिळाली, तिचे मंदिर मासाहेबांनी बांधविले आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून भूमी शुद्ध केली, असे परंपरा सांगते. ही कथा आम्ही कीर्तनात शेकडो वेळा रंगविली आहे. सोन्याच्या नांगराशी आलो की श्रोते डुलू लागतात, बायका डोळ्यांना पदर लावतात.

पण आता कबूल करतो की कथेचा अर्धा भाग आम्ही घाईने उरकीत असू. नुसत्या सोन्याच्या फाळाने गाव वसत नाही. बखरी सांगतात की पळून गेलेल्या कुळांना परत बोलाविण्यासाठी जहागिरीच्या कारभाऱ्यांनी कौल दिले. पडीक जमीन करणाऱ्यास पहिली वर्षे नाममात्र सारा, पुढे वर्षागणिक थोडाथोडा चढता. यालाच इस्ताव्याचा कौल म्हणत. रानात लांडगे माजले होते, ते मारणाऱ्यास इनाम मिळे. पुढे पेशवाईत नव्या पेठा वसविल्या गेल्या, तेव्हाही शेटे-महाजनांना कौल देऊन, काही वर्षे करांत सूट देऊन उदमी व कारागीर बोलाविले जात. आधी देव बसला, लागोपाठ माणसास अभय मिळाले, तेव्हा पुणे वसले. आज सोन्याचा नांगर सर्वांच्या लक्षात आहे, इस्ताव्याचा कौल कोणाच्याच नाही.

आता पेठेच्या स्वभावाविषयी. कसब्याचा स्वभाव पाहावयाचा तर तो वाड्यांच्या नक्षीत पाहू नये, तळमजल्यावर पाहावा. तांबट आळीत पाऊल टाकण्यापूर्वीच ती ऐकू येते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे घाव एकाला एक लागून पडत असतात. त्या कामास मठारकाम म्हणतात. मठारल्याने पत्रा कठीण होतो, आणि भांड्यावर जे चकाकणारे लहान लहान ठिपके दिसतात ते नुसते शोभेचे नसतात. बंब, घंगाळे, हंडे, कळशा, पराती, ताम्हने! आमच्या पिढीच्या न्हाणीघरापासून देवघरापर्यंतचा संसार या आळीने घडविला. स्टीलची भांडी आली, पाणी तापवावयास वीज व गॅस आला, आणि हातोड्यांचा आवाज विरळ झाला. मधल्या काळात आम्हांस वाटले, आता ही आळी गेली. तसे झाले नाही. वारसाप्रेमी संस्था आणि नव्या शिक्षणाचे काही आकृतिकार यांनी तांबटांशी बोलून दिवे, वाडगे, कुंड्या असे नवे घाट घडवून घेतले, आणि ज्यांच्या आज्यांनी बंब मोडीत घातला त्या नाती आता तांब्याचे पाणी पितात. कलियुगात सर्वच वाईट घडते असे नाही.

पण तांबटास गिऱ्हाईक मिळाले म्हणून तांबट आळी राहील, असे समजू नये. तांबटाचे घर म्हणजे खाली भट्टी व ऐरण, वर बिऱ्हाड. दिवसभर ठोके घालावयाचे तर जमीन पायाखाली हवी. चौथ्या मजल्यावरील सदनिकेत मठारकाम होत नाही; खालच्या मजल्यावरील शेजारी पोलिसांत जाईल, आणि त्याचेही चुकले असे म्हणता येणार नाही. नव्या इमारतीत तळमजला मोटारींना दिलेला असतो. म्हणजे कारागिरास वर जागा मिळते, पण हातोडीची जागा मोटार घेते. कुंभारवाड्याची गोष्ट निराळी नाही. नदीकडच्या या वस्तीत गणपतीच्या मूर्ती, घट, पणत्या यांचा बाजार भरतो. आज ज्यांच्या घरी श्री विराजमान झाले आहेत अशा कित्येकांनी ते तेथूनच आणले असतील. मातीस अंगण लागते, उन्हाचा कोपरा लागतो, आवा लावावयास मोकळी जागा लागते. कागदीपुऱ्याचे तर नावच उरले. तेथे कागदी मुसलमान कारागीर हाताने कागद करीत. पोथ्या आमच्या आणि कागद त्यांचा, असा तो काळ होता. धंदा गेला, पाटी राहिली. तांबट आळीचेही उद्या केवळ पाटीवर उरू नये.

येथे कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही दहा दिवसांचे पाहुणे, तुम्हांस वाड्याचे गोडवे गावयास काय जाते? खरे आहे. आम्ही ज्या वाड्यात उतरत असू तेथे बारा बिऱ्हाडांना दोन शौचकूप होते, तेही चौकाच्या टोकाला. श्रावणात माळवदातून पाणी झिरपे, तेव्हा परातीच घरभर मांडून ठेवाव्या लागत. सुनांनी हे सोसले, आणि ज्यांना सोसले नाही त्या कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, धायरीला गेल्या. त्यांना दोष देणारे आम्ही कोण? भाडे इतके जुने व इतके थोडे की मालकाने कौल बदलावयाचे म्हटले तरी वर्षाचे भाडे पुरत नाही, म्हणून मालकही हात लावीत नाही. भाडेकरू म्हणतो घर मालकाचे, मालक म्हणतो वापर भाडेकरूचा, आणि मधल्या मध्ये तुळई कुजते. वाडा पडण्यापूर्वी उतरवून नवा बांधावा, यास आमची मुळीच हरकत नाही. जीर्ण झाले की उद्धार हा धर्मच आहे.

अशाच एका वाड्याची हकीकत सांगतो. त्यात आमचाही दोष आहे, म्हणून ती सांगणे भाग आहे.

त्या वाड्याच्या चौकात भिंतीतील कोनाड्यात शेंदूरचर्चित गणपती होता. त्याच्यापुढे भाद्रपदात पाच रात्री आमचे कीर्तन होई. चौकात बायका, ओसरीवर पुरुष, वरच्या कठड्याला मुले. साऱ्या बिऱ्हाडांनी मिळून वाडा एका बांधकाम व्यावसायिकास द्यावयाचे ठरविले, तेव्हा काही वृद्ध मंडळी बिचकत होती. विशेषतः एक काकू, ज्यांनी पन्नासाहून अधिक वर्षे त्या गणपतीस रोज दूर्वा वाहिल्या, त्या सही करीत नव्हत्या. मंडळींनी आम्हांस मध्ये घातले. आम्ही त्यांना जीर्णोद्धाराचे शास्त्र समजावून सांगितले. “काकू, देव कोठे जात नाही. तो कलशात येईल, तुमच्या घरी राहील, आणि दोन वर्षांनी आपल्या जागी परत बसेल,” असे आम्ही बोललो. त्यांनी सही केली. आम्हीच विधी केला, कलशातील तत्त्व एका चांदीच्या टाकावर स्थापिले, आणि टाक घेऊन काकू धायरीला मुलाकडे राहावयास गेल्या.

दोन वर्षांची नऊ वर्षे झाली. आधी परवानगी अडली, मग पैसा अडला, मग भागीदारांत तंटा झाला. दर वर्षी आम्ही धायरीस जाऊन टाकासमोर एक कीर्तन करीत असू, सदनिकेच्या दिवाणखान्यात, दहा-बारा माणसांपुढे, आवाज खाली ठेवून. काकूंनी एक दिवस पूजा चुकविली नाही. दर वर्षी निघताना त्या दारापर्यंत येत आणि विचारीत, “बुवा, गणपती घरी कधी जायचा?” त्यांनी ‘आम्ही कधी जायचे’ असे एकदाही विचारले नाही. आठव्या वर्षी चातुर्मासात त्या गेल्या.

इमारत अखेर उभी राहिली. नकाशात ‘मंदिर’ म्हणून जी जागा दाखविली होती, ती जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या शेजारी निघाली. उभे राहून आरती करावी तर डोके वरच्या पायरीस लागते. बारा बिऱ्हाडांपैकी चार परत आली. बाकीच्यांनी जागा विकल्या किंवा भाड्याने दिल्या. नऊ वर्षांत मुलांच्या शाळा, सुनांच्या नोकऱ्या, म्हाताऱ्यांचे डॉक्टर सारे दुसरीकडे रुजले होते. त्या आठ घरांना कोणी हाकलले असे म्हणता येत नाही. ती फक्त परत आली नाहीत, एवढेच. आम्ही टाकावरील तत्त्व जिन्याखालच्या मूर्तीत पुन्हा स्थापिले, मंत्र सारे यथासांग म्हटले. पण संकल्पातील ‘सपरिवाराय’ हा शब्द उच्चारताना आमची जीभ अडखळली.

आमचा दोष हा, की आम्ही देवाच्या परतीची शास्त्रोक्त व्यवस्था पाहिली आणि माणसांच्या परतीची व्यवस्था कागदावर आहे की नाही, हे विचारले नाही. मुदत टळल्यास काय, मधल्या काळातले भाडे कोण देणार, देवळाची जागा किती फूट बाय किती फूट, हे प्रश्न कीर्तनकाराचे नव्हेत असे आम्हांस वाटले. आता वाटत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा त्रास शनिवारवाड्याच्या आसपास आहे. त्या वाड्याची पायाभरणी १७३० साली झाली, वास्तुशांत १७३२ साली, आणि १८२८ च्या आगीत आतील महाल जळून गेले. आज उरले आहेत ते तट, दरवाजे, जोती आणि कारंजी. ते जपलेच पाहिजेत. परंतु प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिने संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम बंद केले आणि त्यापुढील दोनशे मीटरांत ते परवानगीच्या अधीन ठेविले. शंभर मीटरांच्या आतील जुन्या घराची डागडुजी परवानगी घेऊन करता येते. पण घर पडलेच तर त्या जागी नवे उभे राहत नाही. दाट वस्तीच्या पेठेत शंभर मीटर म्हणजे किती संसार! जेथे दोनशे वर्षांत कोणी राहिले नाही त्या जोत्यांसाठी, जेथे आजही चूल पेटते त्या घरांनी कोसळण्याची वाट पाहावी, हे आमच्या बुद्धीस पटत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उंच इमारतींनी स्मारक झाकून जाऊ नये, हे योग्यच. पण दोन मजली वाडा होता तेथे दोन मजली घर पुन्हा बांधू दिल्याने दिल्ली दरवाजाचे कोणते तेज उणे होणार?

मग करावे काय? आम्ही नगररचनेचे पंडित नव्हे, पण इस्ताव्याचा कौल आम्हांस कळतो. जुन्या पेठेत घर बांधून जो मूळ बिऱ्हाडे परत आणील त्याला कराची सूट द्यावी, ती बिऱ्हाडांच्या संख्येप्रमाणे वाढती असावी. जो मोकळी जागा विकून जाईल त्याला नसावी. कारागिराच्या तळमजल्यास मोटारीच्या जागेइतकाच मान नियमांत मिळावा. आणि काम रखडले तर बाहेर राहणाऱ्यांचे भाडे व्यावसायिकाकडून आपोआप वसूल व्हावे, त्यासाठी म्हाताऱ्या माणसास न्यायालयाची पायरी चढावी लागू नये.

माणसे बाहेर गेली तरी परत येतात, याचा दाखला कसब्याने पूर्वी दिला आहे. १८९७ च्या प्लेगात पेठा ओस पडल्या, लोक गावाबाहेर झोपड्यांत राहिले आणि साथ ओसरताच परतले. त्यांची घरे उभी होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे वाडे वाहून गेले, आणि पूरग्रस्तांपैकी कित्येकांना गोखलेनगरासारख्या नव्या वसाहतींत जागा मिळाली. ती मंडळी तिकडचीच झाली. तरी त्यांच्या नातवांना मूळ पेठ विचारली तर अजून ते कसबाच सांगतात.

अनंत चतुर्दशीस मंडईपासून मिरवणूक निघते आणि मानाचा पहिला म्हणून कसबा गणपती पालखीतून पुढे होतो. सार्वजनिक उत्सवाचा हा क्रम, काही अपवाद सोडता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला. हल्ली सबंध मिरवणूक संपावयास तीस तासांच्या वर लागतात आणि तिच्यातील ध्वनिक्षेपकांविषयी आम्ही येथे काही बोलत नाही. बोललो तर लेख तिकडेच जाईल. इतकेच नमूद करतो की पालखीसमोर नमस्कारास उभे असणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळ जण आता पेठेतले नसतात. ते पहाटे उठून दूरच्या उपनगरातून येतात, मान ज्यांच्या गणपतीला आहे त्या पेठेत पाहुण्यासारखे उभे राहतात, आणि दुपारी परततात. मेट्रोने त्यांचे येणे सुखाचे केले, याबद्दल तिला आशीर्वाद. मेट्रो माणसास दर्शनास आणू शकते, वस्तीस आणू शकत नाही.

त्या नव्या इमारतीतील परत आलेल्या चार बिऱ्हाडांनी यंदा आमच्यामागे लकडा लावला आहे की कीर्तन पुन्हा तेथेच व्हावे. नव्याने राहावयास आलेल्यांतील एक दाम्पत्य, मराठी न जाणणारे, आपली मोटार पाच रात्री रस्त्यावर ठेवावयास आपण होऊन तयार झाले. त्यांचे पाहून आणखी दोघांनी होकार दिला. तेव्हा मोटारींच्या जागेत सतरंज्या पडतील. जिन्याखालच्या गणपतीचे दार उघडे ठेवू. काकूंचे चिरंजीव धायरीहून तो रिकामा टाक घेऊन येणार आहेत. तो कोठे ठेवावा हे अजून ठरले नाही. पूर्वरंगास रात्री साडेआठला आरंभ. बसावयास जागा थोडी आहे, आणि वरच्या कठड्याला बसणाऱ्या मुलांना कठडाच उरलेला नाही, त्यांनी जिन्यावर बसावे.